मावशीकडची पिवळी साडी

संकठा घाट, वाराणसी
१६ जानेवारी १९९६

कालिंदी,

‘प्रिय’ लिहायला हात धजेना, म्हणून नुसतंच नाव लिहिलं. माझं अक्षर बघून तू पाकीट न उघडताच बंबात घालशील, अशी धास्ती होती. म्हणून पत्ता लतिकाकाकूंकडून लिहून घेतलाय. उघडलंस ना? मग आता शेवटपर्यंत वाच.

ऋताने मला पत्र लिहिलं. तुला न विचारता लिहिलंय, तर तिच्यावर डाफरू नकोस. लग्न वैशाखात, मुलगा यज्ञेश, नागपुरातच बँकेत आहे, एवढं कळलं. सख्ख्या बहिणीच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न मला असं कळावं! जाऊ दे. आज भांडायला बसलेले नाही.

मी काशीत आहे, हे वाचून तुझ्या भुवया कपाळात गेल्या असतील. आपलं बिऱ्हाड होतं त्याच्याच मागच्या गल्लीत लतिकाकाकूंच्या वरच्या खोलीत राहतेय. चौकातल्या एका रेशमाच्या कोठीचे मालक शरदबाबू मुंबईला येऊन माझ्या मागे लागले. हल्लीच्या मुली बनारसी फक्त लग्नात नेसतात आणि एरवी सलवार-कमीज, त्यामुळे धंदा बसत चाललाय. त्यांना कचेरीत नेसता येईल अशी हलकी बनारसी काढायचीय. रंग कोणते, काठ केवढा, जाहिरातीतली बाई उभी कशी राहील, खाली शब्द काय, सगळं मी ठरवायचं. जाहिरात कंपनीत पहिल्यांदा शिरले तेव्हा गिरणीवाले साहेबांना विचारायचे, “ह्या बाई चहापाण्याचं बघतात का?” पुढे तेच लोक येत्या दिवाळीला कोणता रंग चालेल ते विचारायला माझ्या दारात बसून राहायचे. नोकरी सोडून मी स्वतंत्र सल्लागार झाले तेव्हा तर हा असाही धंदा असतो, हे मला लोकांना समजावून सांगावं लागायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस म्हणा.

आणि ह्या सगळ्याचं मूळ आपल्या गच्चीवर आहे. आठवतं? खाली घाटावर लोकांची सोवळी वाळत असायची आणि त्यातलं अप्पांचं कुठलं, ते आपण वरून ओळखायचो. मी कधीच चुकले नाही. तू मात्र रोज वेणीमाधवभटजींचं दाखवायचीस! तुझी रंगांची जाण तेव्हापासून अशीच. हिरव्या साडीवर निळं ब्लाउज घालून ऋताच्या बारशाला बसली होतीस.

परवा संक्रांतीला मी काळी साडी नेसून लतिकाकाकूंना तिळगूळ द्यायला गेले, तर म्हणतात, “विदू, नीली साडी खूब छान दिसते गं तुला. पण संक्रांतीला काळी नेसतात ना?” बिचाऱ्यांचे डोळे गेले. ऐंशीच्या घरात आहेत. मी नुसतं हो म्हटलं.

आता मुद्द्याचं. ऋताला मामा नाही. गौरीहराच्या पूजेला बसताना नेसायची मामाकडची पिवळी साडी ती कुठून आणणार? ती मी पाठवते. मामा नाही तर नाही, मावशी आहे ना जिवंत! अप्पा गेले तेव्हा तेरावं उलटल्यावर मला तार मिळाली, ते मी विसरलेले नाही. पण पोरीचा त्यात काय दोष? एवढी एक साडी मला देऊ दे.

तुझी मोठी बहीण, तुला आवडो न आवडो,
विद्युल्लता


वाराणसी
२० फेब्रुवारी १९९६

कालिंदी,

तुझं कार्ड आलं. “पाठवायची तर पाठव. साखरपुड्याच्या आत पोचेलसं बघ.” बास! मी त्याच्यावरच खूश आहे. लतिकाकाकूंना ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचायला लावलं, तर वैतागल्या माझ्यावर.

साडी आजच रजिस्टर्ड पार्सलने रवाना केली. शरदबाबूंच्या कोठीतली घेतली असती तर त्यांनी पैसे घेतले नसते, आणि भाचीची साडी मला फुकटात नको होती. म्हणून मुद्दाम दुसऱ्या दुकानात गेले. त्याने गठ्ठेच्या गठ्ठे उलगडले. सगळ्या भडक. शेवटी कोपऱ्यातली एक मी स्वतः उचलली. फिकट पिवळी, दुधात चिमूटभर हळद घातल्यावर येतो तसा रंग, आणि जरीचा बारीक काठ. दुकानदार म्हणायला लागला, “मैडम, शादी के लिए? लेकिन यह तो…” मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. म्हटलं, भाईसाहब, जिंदगीभर रंग ही देखे हैं, आप बाँधिए. त्याने मुकाट्याने बांधली. तिथेच पार्सल शिवून घेतलं. ऋताच्या गव्हाळ रंगाला ती अशी काही खुलेल की बघत राहशील.

इथलं काम मात्र डोकं उठवतंय. काल रामनगरच्या बाजूला, पलीकडच्या वाळूत फोटो काढायचे होते. सुशांत म्हणून फोटोग्राफर आहे, गुणी पोरगा, माझ्याच हाताखाली तयार झालेला. मी निळी साडी सांगितली होती आणि मॉडेल हिरवी नेसून नावेतून उतरली. मी असं झाडलं त्याला! तर म्हणतो, “मॅडम, निळीच आहे.” मी म्हटलं, मला शिकवतोस? त्याने आणि त्या मुलीने एकमेकांकडे बघितलेलं मी पाहिलं. नदीवर धुकं इतकं की कशाचा रंग धड दिसेल तर शपथ. खोलीतही सारखी वीज जाते. ह्या ओळी तिरक्या गेल्या असतील तर त्याचं कारण तेच.

ऋताला साडी आवडली का, तेवढं कळव. दोन ओळी चालतील.

विदू


वाराणसी
९ मार्च १९९६

कालिंदी,

पार्सल परत आलं. वरची तुझी चिठ्ठीही वाचली. शाबास! इतक्या वर्षांनी माझ्याशी चार वाक्यं बोललीस आणि ती ही!

म्हणे साखरपुड्याला यज्ञेशच्या घरच्यांसमोर पार्सल उघडलं आणि आतून पांढरी साडी निघाली. त्याची आई मटकन खाली बसली. त्याची आत्या म्हणाली, काशीहून विधवेचं वस्त्र आलंय पोरीला. आणि तू काय लिहितेस? “अप्पांच्या वेळचा सूड माझ्या लेकीवर उगवलास.”

अगं, जीभ झडेल तुझी! मी ऋताच्या वाईटावर आहे? मी? तिच्या पहिल्या वाढदिवसाचा झबल्याचा नमुना मी स्वतःच्या हाताने काढून पाठवला होता. तसं झबलं तू तिला शिवलंस की नाही, देव जाणे.

आणि पांढरी कुठाय? ही साडी आत्ता माझ्या मांडीवर आहे. पिवळी आहे! तुम्हा लोकांना भडक, शेंदरी-पिवळं बघायची सवय, त्यामुळे नाजूक छटा तुम्हाला दिसतच नाही. डोळे तपासून घे आपले आणि त्या विहीणबाईंचेही घे. नाहीतर मग तिथेच कुणीतरी साडी बदलली असेल. तुझ्या मनात काय काय असतं, ते मी अप्पांच्या वेळी बघितलंय. बाप गेल्याचं पोरीला तेरावं झाल्यावर कळवणारी बाई काय वाटेल ते करेल.

लग्नाला येत नाही. सुखी राहा.

विद्युल्लता


वाराणसी
१४ मार्च १९९६

कालिंदी,

मागचं पत्र फाडून टाक. ऋताच्या हाती पडलं असेल तर तिलाही सांग, की मावशीचं डोकं फिरलं होतं.

तुला खोटं पाडायचं म्हणून परवा सकाळी मी ती साडी घेऊन घाटावर उतरले. आपल्या घाटावर उन्हं समोरून येतात, रंग बघायला त्याच्यासारखा उजेड नाही. शेजारच्या विधवाश्रमातल्या बायकांनी पायऱ्यांवर आपलं धुणं वाळत टाकलं होतं. त्याच रांगेच्या टोकाला मी साडी पसरली. तेवढ्यात वरून लतिकाकाकूंनी चहाला हाक मारली. मी वर बघितलं, येते म्हणून हात केला, चार पावलं गेले आणि साडी तिथे कशाला टाकायची म्हणून परत वळले. तर मला माझी साडी सापडेना.

कालिंदी, सगळ्याच साड्या पिवळ्या होत्या. अगदी तश्शाच, दुधातल्या हळदीच्या. मला आधी वाटलं, बरं झालं, ह्या बायका पांढरं सोडून पिवळं नेसायला लागल्या! तिथे एक म्हातारी बसली होती, तिला मी तसं म्हटलंसुद्धा, की माताजी, आजकल आप लोग पीला पहनती हैं? ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “पीला? राम राम, बेटी, हमारे भाग में पीला कहाँ!” मग तिने वाकून जरीचा काठ चाचपला आणि माझी साडी उचलून माझ्या हातात दिली. म्हणाली, “यह तेरी है? तेरा आदमी कब गया?”

माझं लग्न कधी झालंच नाही, हे तिला कुठे सांगत बसू? मी पायरीवर बसून रडले. सगळ्यांच्या देखत, भोकाड पसरून. लतिकाकाकू धापा टाकत खाली आल्या. मी त्यांना विचारलं, संक्रांतीची माझी साडी कुठली होती? त्या म्हणाल्या, “नीलीच होती गं. तू रागावशील म्हणून मी पुढे बोलले नाही.”

काल डॉक्टरकडे जाऊन आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. त्यामुळे पांढरं पिवळट दिसतं, निळं हिरवट दिसतं आणि गडद निळं तर काळंच. ऑपरेशन करून टाकू म्हणाले. पण रक्तातल्या साखरेने आतला पडदाही बिघडवलाय, त्यामुळे रंग पूर्वीसारखे दिसतील ह्याची खात्री देत नाहीत. चाचरत वाचणं, पायऱ्यांवर अडखळणं, दिव्याभोवती खळं दिसणं, हे सगळं केव्हापासून होतंय ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, परवापासून. ते हसले.

खरं तर बरेच दिवस होतंय. चष्मा बदलला, बल्ब बदलले, आणि वीजमंडळाला शिव्या देऊन झाल्या. गेल्या दिवाळीला गिरण्यांना मी जे रंग सांगितले ते कुठल्या डोळ्यांनी सांगितले, आता मलाच कळत नाही. आणि लोकांनी ते कौतुकाने घेतले! ह्यावर हसावं की रडावं?

तू काय ते समज. मी तुझ्या मुलीला पांढरं पाठवलं नाही गं. मी पिवळं पाठवलं होतं.

आता एक मागते. यज्ञेशच्या घरी सांग, की दुकानदाराने चुकून भलतीच साडी बांधली. माझ्या डोळ्यांचं कुणाला सांगू नकोस. ऋताने लिहिलं होतं, यज्ञेशचे काका मुंबईत कापडाचे मोठे एजंट आहेत. त्यांच्या कानावर जाणं म्हणजे अख्ख्या बाजाराच्या कानावर जाणं. रंग न दिसणाऱ्या बाईला रंग विचारायला कोण येईल? मला नवरा नाही, मूलबाळ नाही. आहे ते एवढं कामच आहे.

विदू


वाराणसी
३० मार्च १९९६

कालिंदी,

तुझं पत्र लतिकाकाकूंनी मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांच्यासमोर मान वर करवेना.

तू फोडून सांगितलंस ते बरं झालं. दुकानदाराची गोष्ट तुझ्या विहीणबाईंना पटली नाही. कशी पटेल? जिचा फोटो मासिकात छापून येतो, ती बाई साडी न बघता पाठवते होय? ऋताची मावशी तिच्या वाईटावर आहे, अशा घराशी सोयरीक नको, इथवर गोष्ट आलीय. यज्ञेश अडून बसलाय, पण आईपुढे किती दिवस बसेल? ऋता जेवत नाही. आणि तू लिहितेस, “मी एकदा तुझ्यासाठी खोटं बोलले. पुन्हा बोलणार नाही. तुला सांगायचं तर तू सांग. नाहीतर निदान आम्हाला आमच्या नशिबावर सोड.”

राग आला तुझा. फार आला. मनात म्हटलं, हिचं काय जातंय सांगायला? साऱ्या जन्मात एक नोकरी केली नाही, हिला काय कळणार काम जाणं म्हणजे काय ते! दिवसभर धुसफुसत खोलीत फेऱ्या मारल्या. सुशांत उरलेल्या फोटोंचे नमुने घेऊन आला, त्याला दारातूनच पिटाळलं.

मग ऋता जेवत नाही, तेवढंच डोक्यात राहिलं.

आज सकाळी यज्ञेशच्या काकांना पत्र टाकलं. स्वतःच्या हाताने लिहिलंय, ओळी कुठेही जावोत. लिहिलं, की मी विद्युल्लता, रंगांचा सल्ला देणारी, मला पांढरं आणि पिवळं ओळखता येत नाही. पोरीच्या लग्नाची साडी मी मायेने निवडली, फक्त डोळ्यांनी दगा दिला. बाजारात हे सांगायचं असेल तर खुशाल सांगा, पण आधी आपल्या वहिनींना सांगा. डॉक्टरांचा कागदही जोडलाय.

पाकीट पेटीत टाकलं आणि ते परत कसं काढता येईल, ह्याचा विचार करत तिथेच उभी राहिले.

साडी परत पाठव म्हणालीस, ती पाठवतेय. कशाला हवीय तुला ती आता? जाळणार असशील तर मला सांगू नकोस.

विदू


वाराणसी
१९ एप्रिल १९९६

प्रिय कालिंदी,

तर मग लग्न होतंय! ऋताचं पत्र तुझ्याआधी आलं. काकांनी माझं पत्र सगळ्यांसमोर वाचलं आणि यज्ञेशच्या आईच म्हणाल्या, एवढी मोठी बाई, स्वतःच्या तोंडाने कोण असं लिहील? आणि आता त्या माझ्यासाठी कुठल्याशा देवीला नवस बोलल्यात म्हणे. देवी बघून घेईल.

काका शब्दाचे पक्के निघाले. आधी वहिनींना सांगितलं, मग बाजाराला. एका गिरणीचं पत्र आलं, फार अदबीचं, तुम्ही आता विश्रांती घ्यावी म्हणून. दुसरीने तेवढीही तसदी घेतली नाही. शरदबाबूंना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी पान पुढे केलं आणि म्हणाले, “आपका नाम रहेगा, विद्युल्लताजी. रंग सुशांत देख लेगा.” नाव राहणार आणि मी नाही. सुशांत तिथेच मान खाली घालून उभा होता. त्याला म्हटलं, वर बघ, तुला मी ह्यासाठीच शिकवलंय. खोलीवर येऊन दार लावलं. त्या दिवशीचं तुला काही सांगत नाही.

अजून सकाळ झाली की पाय आपोआप घाटाकडे वळतात, हातात रंगांचं शेडकार्ड असल्यासारखे. काही नसतं हातात. खाली जाऊन नुसती बसते. आश्रमातली ती म्हातारी शेजारी येऊन बसते आणि रोज तेच विचारते. मी आता सांगून टाकलंय, की हो, गेला.

अप्पांचं तू लिहिलंस, ते लतिकाकाकूंनी वाचलं आणि मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. शेवटच्या दिवसांत अप्पाच म्हणाले होते, “विदूला तार करू नका. तिचं कसलं तरी मोठं प्रदर्शन आहे. कामातून उठवू नका तिला.” आणि मी भडकेन म्हणून तू ते आपल्या अंगावर घेतलंस! कालिंदी, ज्या अप्पांनी माझ्या नोकरीबद्दल एक शब्द कधी काढला नाही, ते माझं प्रदर्शन कधी आहे हे लक्षात ठेवून होते. हे मला आधी का नाही सांगितलंस गं, वेडे? पण मी तुला विचारलं कुठे? नुसती भांडत राहिले.

काल तुझं लहानसं पार्सल आलं. आत त्याच साडीचा ब्लाउजपीस आणि त्यावर टाचलेली चिठ्ठी. तू ती साडी हळदीच्या पाण्यात बुडवलीस, परसात वाळवलीस, पुन्हा बुडवलीस. ऋता तीच नेसणार, मावशीकडची म्हणून. आणि खाली विचारलंयस, “पुरेशी पिवळी झाली का? तू सांगशील तेव्हाच बुडवायची थांबवते.”

सवयीने तुकडा घेऊन घाटावर गेले. उन्हात धरला, आडवा धरला, डोळे बारीक केले. पाठवली होती तेव्हा जशी दिसत होती, तशीच दिसली. काहीच फरक कळेना. फार वाईट वाटलं गं. मग तो तुकडा तोंडावर धरला. त्याला हळदीचा असा वास येत होता की मला ठसका लागला.

झालीय पिवळी. थांबव आता.

लतिकाकाकूंना सोबत घेऊन लग्नाच्या आठवडाभर आधी नागपूरला येते. डोळ्यांचं ऑपरेशन परत आल्यावर. माझ्या साड्यांची ट्रंक तशीच आणतेय. तुझ्या लेकीच्या लग्नात मी काय नेसायचं, ते तूच काढून दे. हिरव्यावर निळं ब्लाउज दिलंस तरी घालेन.

तुझीच,
विदू